मोरचुदाच्या टाकीतला वाटा

मुठी पुन्हा कच्च्या निघाल्या. मुलाम्याच्या टाकीवरच्या दांडीच्या एका टोकाला टांगलेल्या दाराच्या मुठींवर तांबं छान बसलं होतं. दुसऱ्या टोकाच्या नुसत्या लाजल्यासारख्या झाल्या होत्या.

"बाबा, हे पाणी मेलं," मुलगी म्हणाली. "पिंपात काढू, नवं करू. हाही माल परत आला तर गिऱ्हाईक तोंड दाखवणार नाही."

"तुझ्या आईने केलंय ते."

"आईने केव्हाच काढलं असतं. तिचा जीव असा पाण्यात अडकत नव्हता."

त्याने टाकीतल्या निळ्या पाण्यात डोकावून पाहिलं. मोरचूद कोमट पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, मग त्यात ॲसिडची बारीक धार. पाण्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. हे सगळं बायकोचं खातं. ती गेल्यापासून त्याला टाकीपाशी कोणीतरी वाकलेलं भासायचं. नाक पाण्याला टेकेल इतकं, ती वाकायची तसं. शेवटच्या आजारपणाआधी तिचा चष्मा हरवला होता. सगळं घर पालथं घातलं, मिळाला नाही. तिला तसंच पोचवावं लागलं. आता ती तोच शोधत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हे मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"पंप आण," तो शेवटी म्हणाला.

वीज बंद करून त्याने मोजे चढवले आणि मुठी काढायला घेतल्या. शेवटची, एरवी टाकीतच राहणारी तार जड लागली. निळ्या पाण्यातून तिच्या आकड्याला अडकलेला चष्मा वर आला. काड्या बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. फ्रेमवरून तांबं भिंगांवर सरकत गेलं होतं. एक भिंग पुरतं बुजलं होतं, दुसऱ्यात मसुराएवढी काच उघडी होती.

मुलगी पंप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"वाकताना पडला असेल," ती हळूच म्हणाली. "तारेला लागला, म्हणून मुठींचं तांबं हाच खात होता. बाबा, म्हणजे पाणी चांगलं आहे. ओतायची गरज नाही. द्या इकडे, धुते."

त्याने दिला नाही. चष्मा परत तारेला लावून अलगद पाण्यात सोडला आणि वीज चालू केली.

"अहो बाबा, मुठी?"

"थांबतील. एक डोळा मिटायचा राहिलाय तिचा. तो मिटू दे, मग टाकी तुझी."

मुलीने पंप खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढलं.