वैनगंगेत सांडलेलं माझं तेल

मी एक डिझेल इंजिन बोलतोय. ब्रह्मपुरीत जहीर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी पडून आहे. माझ्यामुळे एका निर्दोष माणसाचं फार वाईट झालं, तेच तुम्हाला सांगायचंय.

माझी सुरुवात चांगली होती. गुणवंतरावांच्या धानाच्या बांध्यांना मी आठ वर्षं पाणी दिलं. मग त्यांच्या शेतात वीज आली आणि श्रीहरी नावाडी मला घेऊन गेला. वैनगंगेच्या या काठाला चंद्रपूर जिल्हा, त्या काठाला गडचिरोली, आणि मधे श्रीहरीचा डोंगा. जहीरभाऊंनी मला डोंग्यात बसवलं, दांडा जोडला, पाण्यात पंखा सोडला. वल्ह्याने अर्धा तास लागायचा. मी मोटारसायकली, शाळेच्या पोरी, बाजाराच्या टोपल्या सहा मिनिटांत पलीकडे नेल्या. फार गर्व झाला मला.

माझा धूर श्रीहरीच्या तोंडावर यायचा. तो खोकायचा आणि मी पुढेच जात राहायचो. मग माझं ऑइल सील गेलं.

"श्रीहरी, सील बदलून घे. तेल गळून राह्यलं," जहीरभाऊ म्हणाले.

"दोन दिवस डोंगा बंद ठेवू का? लोक कसे जातीन?"

ते राहूनच गेलं. तेल डोंग्याच्या तळाशी साचायचं. सांजेला श्रीहरी ते उपसून नदीत फेकायचा. पाण्यावर रंगीत तवंग पसरत खाली वाहत जायचा.

खालच्या अंगाला शकुबाईची जाळी असायची. एक दिवस ती बाजारातून भरली टोपली तशीच घेऊन परत आली. मासोळीला वास येतो म्हणून कुणी हात लावला नव्हता. घाटावर माणसं जमली. कुणीतरी नथ्थूचं नाव घेतलं. त्याचं कपाशीचं शेत घाटाला लागून होतं. तोच फवारणीचा पंप नदीत धुतो म्हणे.

"मी पंप शेतातच धुतो, बाई," नथ्थू म्हणाला. "तुया मासोळीवर मी काऊन उठू?"

कुणी ऐकलं नाही. श्रीहरी तिथेच उभा होता. तो खाली पाहत राहिला. मी नुकताच बंद झालो होतो, अजून गरम होतो. मला तर तोंडच नव्हतं. पण ते कारण मला आता पुरत नाही.

नथ्थूने डोंग्यात बसणं सोडलं. पलीकडे त्याची मुलगी दिव्यानी दिली होती. तिच्याकडे जायला तो पुलावरून बत्तीस किलोमीटरचा वळसा घ्यायचा. नातीच्या बारशाला तर गेलाच नाही. मासोळी नासवल्याचा आळ तिकडेही पोचला होता. अशी तीन वर्षं गेली.

यंदा ग्रामपंचायतीने डोंग्याला बॅटरीची मोटर लावायचं ठरवलं. काम जहीरभाऊंच्या मुलीकडे, शाजियाकडे आलं. ती पॉलिटेक्निक शिकलेली. सरपंच रीताबाई म्हणाल्या, "घाटापर्यंत लाइन ओढून देतो."

"लाइनची वीज कोळशावरच बनते, बाई," शाजिया म्हणाली. "इथला धूर ऊर्जानगरच्या वीज केंद्राले पाठवून काय फायदा? घाटाच्या शेडवर सोलर लावू. दुपारी डोंगा तसाही उभाच राह्यते, तेव्हा बॅटरी चार्ज होईन."

मला काढायला फळ्या उचलल्या. खाली बोटभर काळं तेल होतं. शकुबाई शेजारीच जाळं सोडवत बसली होती. ती उठून आली, तेलात बोट बुडवून तिने नाकाशी नेलं.

"हाच वास होता," ती म्हणाली.

श्रीहरी हातातली फळी ठेवून पुढे आला. "मले मालूम होतं, बाई. त्या दिवशीच मालूम होतं."

शकुबाई ओरडली नाही. "मले काय सांगतं? नथ्थूभाऊच्या घरी चाल. मलेबी त्याची माफी मागाची हाये."

दोघं गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी काठावर टेम्पोची वाट पाहत पडलो होतो. दुसऱ्या सकाळी नथ्थू घाटावर आला. श्रीहरीने हात जोडले.

"बसा, भाऊ."

"डोंगा साफ केला तू," नथ्थू म्हणाला. "माह्या तीन वर्सांचं काय करशीन?"

तरी नथ्थू बसला, पलीकडे तोंड करून. त्याला नातीला पाहायचं होतं. शकुबाईही चढली आणि नव्या मोटरवर डोंगा आवाज न करता निघाला. मधल्या धारेतून शकुबाईचं रडणं काठापर्यंत ऐकू आलं. मी चालू असतो तर ते कुणालाच ऐकू आलं नसतं.

काल गॅरेजमध्ये गिऱ्हाईक आलं. जहीरभाऊंनी हँडल मारलं आणि मी पहिल्याच फेरीत सुरू झालो. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला आनंद झाला.

"कायले पायजे?" जहीरभाऊंनी विचारलं.

"डोंग्याले लावतो."

त्यांनी मला बंद केलं. "मंग नाई देत."

बरं झालं. मला आता भंगारात घाला, वितळवा, माझी तक्रार नाही. फक्त एक करा. नथ्थूभाऊ कधी तुम्हाला भेटले तर सांगा, की त्या दिवशी घाटावर श्रीहरी एकटा नव्हता. खरं मलाही ठाऊक होतं.