ऊब पिणारे दाणे

सर्रर्र... पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तसा तो आवाज अजून माझ्या पोटात आहे. मी पलूसच्या शिवारातला लोखंडी बॅरल बोलतोय.

आधी मी माधवनगरच्या एका गिरणीत तेल साठवायचो. तिथून लालासाहेबांनी मला आणलं, झाकण कापलं, तोटी बसवली आणि उसाच्या पाटाच्या तोंडाशी उभं केलं. त्याच दिवशी माझ्यात पहिल्यांदा सर्रर्र करत युरियाचे दाणे ओतले. वर पाणी पडलं, काठी फिरली आणि मी शहारलो. डोक्यावर वैशाखाचं ऊन, अन् माझं अंग गार! विरघळताना ते दाणे पाण्यातली, माझ्या पत्र्यातली ऊब पिऊन टाकत होते. एवढेसे दाणे, केवढी त्यांची तहान!

येणारा-जाणारा माझ्या पोटाला हात लावी.

"आबा, फ्रीज घेतलासा व्हय?"

"व्हय. बिनलाइटीचा हाय!" लालासाहेब हसत.

बांधापलीकडचा त्यांचा धाकटा भाऊ अर्जुना मात्र कधी आला नाही. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, त्याची हाक आली, "दादा! बना पडली!"

त्याच्या बायकोला ऊन लागलं होतं. अंग भट्टीसारखं, बोलणं बरळल्यागत. लाइट गेलेली, बर्फ गावात नाही, कळशीतलं पाणीही तापलेलं.

लालासाहेबांनी बनाबाईला लिंबाखाली निजवायला सांगितलं आणि पोतं ओढलं. मी पाण्यानं अर्धा भरलेला होतो. सगळा युरिया माझ्यात ओतून त्यांनी झाकण बांधलेली कळशी आत सोडली.

"दादा, तुमच्या उसाचं खत..."

"ऊस ऱ्हाऊ दे रं. ढवळ तू. कळशीत थेंब जाऊ देऊ नगं, इख हाय ते."

इतका गार मी आयुष्यात झालो नव्हतो. बाहेरून मला दरदरून घाम फुटला. कळशीतल्या पाण्यात धडुती भिजवून लालासाहेबांच्या घरच्या मनुबाई जावेच्या कपाळावर, काखेत, तळपायांवर ठेवत राहिल्या. बऱ्याच वेळानं बनाबाईनं डोळे उघडले.

"लय गार लागतंय, आक्का."

मग जीपनं तिला दवाखान्यात नेलं. ती वाचली. माझ्या पोटातली ऊब गेली आणि तिच्या अंगातला जाळ उतरला, याचं नवल मला अजून वाटतं.

आता मी गंजलोय. भंगारात द्यायचं तर द्या. पण त्याआधी एकदा मूठभर दाणे टाकून मला हात लावून बघा.

परवा अर्जुना बांध ओलांडून आला. त्यानं माझ्यावर हात ठेवला. मी रिकामा, उन्हानं तापलेला; तरी त्यानं हात काढला नाही. लालासाहेब शेजारी तंबाखू मळत होते. त्यांनी त्यातली अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली. ती तोंडात टाकून तो निघून गेला.