शेजार नसलेली गाडी

माझ्या वर्गातल्या ओजसच्या पप्पांची इटालियन सुपरकार पिवळीधमक होती, जमिनीला चिकटलेली, आणि तिची दारं पंखांसारखी वर उघडायची! नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर रविवारी सकाळी गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्या गाडीतून एक चक्कर मिळणार, म्हणून मी आठवडाभर अख्ख्या दहावी ब ला जळवत होते.

पण तिथं पोचले तर आमचे शंकर नगरातले शेजारी, भास्करकाका आणि चित्राकाकू, त्यांची रेसिंग कार ट्रेलरवरून उतरवत होते. सत्तर वर्षं जुनी. पाणी तापवायचा बंब आडवा पाडून चाकं लावल्यासारखी. छप्पर नाही, दार नाही, सीट एकच. बॉनेट चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेलं.

"काका, ही किती पळते?"

"आज? लोक ढकलतील तितकी. इंजिनाले बरं नाही तिच्या."

उतारावरून फक्कीनं आखलेल्या चौकटीपर्यंत तिला ढकलत न्यायचं होतं, आणि स्टिअरिंग धरायला आत कुणीतरी हवं होतं. काकांनी आत एक पाय टाकला, दुसरा टाकला. पोट बाहेरच राहिलं.

"मागच्या वर्षी तर बसत होतो!"

"मागच्या वर्षी तुम्ही जिलेबी सोडली होती," चित्राकाकू म्हणाल्या. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही पोट्टी मावते बघा."

तेवढ्यात ओजस धावत आला. "स्वरदा, चल ना! पापा निकल रहे हैं. एक ही राउंड है, फिर रोड खुल जाएगा."

पिवळ्या गाडीचं दार वर उघडून माझी वाट बघत होतं. त्या गाडीत मी शेजारी बसणार होते. हिच्यात शेजार नव्हताच.

"काका, मले जमेल?"

"स्टिअरिंग जड आहे. वळणाच्या आधीच वळवायचं. ब्रेक हा, हातानं ओढायचा. भीती वाटत असेल तर आत्ताच सांग."

"वाटून राहिली ना. पण बसते."

"पागल है क्या?" ओजस ओरडला. "इसमें तो एसी भी नहीं है!"

"छप्परच नाही रे, एसी कुठं लावतील?"

मी आत घसरले. परातीएवढं स्टिअरिंग छातीशी आलं. मागून काका, काकू आणि दोन पोट्टे ढकलू लागले. तेवढ्यात पिवळी गाडी गर्जत बाजूनं गेली. मी मान वळवेपर्यंत पार चौकापाशी ठिपका झालेली.

आमची निघाली, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. पण रस्त्यातला खडा न् खडा माझ्या तळव्यांना कळत होता, आणि मी वळवत होते म्हणून ती लांब नाकाची गाडी वळत होती. मी! वळणावर जरा उशीरच झाला. ब्रेक ओढला तेव्हा अर्धी गाडी चौकटीत, अर्धी बाहेर.

"राहू दे, बेटा, चालते," काका धापा टाकत म्हणाले.

"नाही चालत, काका. मागं घ्या. मी पुन्हा आणते."

"उतर तरी जरा. दम घे."

"मी कुठं दमली?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर खोचला आणि त्या मागं ढकलायला गाडीच्या नाकाकडे गेल्या.