डाळिंबी रंगाचा थेंब

जुने कॉम्प्युटर काचेमागे मांडून वरून दिवे सोडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. चाळीस वर्षं मी ही यंत्रं दुरुस्त केली. उघडी करून, पोटात हात घालून, प्रसंगी आतली झुरळं झटकून. त्यामुळे कुणी पांढरे हातमोजे चढवून की-बोर्डला हात लावायला लागलं की माझं डोकं उठतं.

आमच्या शहरात असा एक गृहस्थ आहे. त्याला मी मनातल्या मनात चुनेवाला म्हणतो. जुन्या यंत्रांचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. हा त्यावर कसलंसं मलम थापतो, दिव्याखाली दोन दिवस ठेवतो आणि पांढरंफेक करून मिरवतो. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या दोन खोल्यांत त्यानं संग्रहालय थाटलंय. शिरताच कार्डांना भोकं पाडणारं यंत्र, त्याच्याशेजारी कपाटाएवढा टेप ड्राइव्ह. मग हिरव्या अक्षरांचे पडदे, घरभर करकरणारे प्रिंटर, फोनचा रिसीव्हर उपडा घालायचे मोडेम, पोटात रबरी गोळी असलेले माउस. सगळ्यांखाली सुबक पाट्या आणि सगळ्यांच्या वायरी काढलेल्या.

"यातलं चालू किती आहे?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"सर, चालवलं की झिजतं," तो म्हणाला.

"जेवताना दातही झिजतात. मग काय, उपाशी राहता?"

तो कसनुसा हसला. पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण गेल्या महिन्यात जावं लागलं, तेही पडेल चेहऱ्यानं, कारण काम छोटीचं होतं.

छोटी म्हणजे माझी भाची. आता पंचेचाळीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, पण आमच्याकडे तिला अजून छोटीच म्हणतात. ताई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. घरी एक कॉम्प्युटर घेऊन लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. दुखणं बळावल्यावर तिनं लोकांची कामं घेणं बंद केलं, पण टाइप करणं काही थांबवलं नाही. काय करतेस असं विचारलं तर म्हणायची, "आपलं काहीतरी." ती गेल्यावर वर्षाच्या आत भावजींनी ते यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकलं. भावजींबद्दलचं माझं मत सांगत बसलो तर मूळ गोष्ट बाजूलाच राहील.

यंदा भावजींनी घर बदललं. माळा रिकामा करताना शिवणाच्या कापडांखाली एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं. आत अकरा फ्लॉपी, त्या जुन्या, मोठ्या, हातात धरल्या की लपलपणाऱ्या. प्रत्येकीवर नंबर आणि त्याखाली ताईच्या अक्षरात एकच ओळ: छोटीसाठी, मोठी झाल्यावर.

छोटी खोकं घेऊन थेट माझ्याकडे आली. "मामा, मला आईचा आवाज आठवत नाही," ती म्हणाली. "ती मला काय म्हणून हाक मारायची तेही आठवत नाही. यात जे असेल ते मला पाहिजे."

मी ऐटीत म्हटलं, "उद्या घेऊन जा." माझ्याकडे एक चोख ड्राइव्ह आहे, त्यावर मी आजवर शेकडो लोकांच्या फ्लॉपी वाचून दिल्यात. ताईच्या फ्लॉपीतून मात्र एक अक्षर हाती लागलं नाही. त्या काळी जो तो आपापल्या पद्धतीनं फ्लॉपी लिहायचा, एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीला कळायचं नाही. म्हणून मी म्हटलं, तसलंच यंत्र हवं. छोटीनं शोधायला घेतलं आणि चौथ्या दिवशी फोनवर एक फोटो दाखवला. चुनेवाल्याच्या संग्रहालयातला होता. यंत्राच्या उजव्या बाजूला, तळाशी, एका बदकाचं चित्र चिकटवलेलं.

"हे मी चिकटवलंय," छोटी म्हणाली. "आई ओरडली होती." तसलं यंत्र शोधायला निघालो होतो आणि तेच यंत्र सापडलं.

चुनेवाल्यानं यंत्र पांढरं केलं होतं, पण बदकाभोवतीची वीतभर जागा पिवळीच ठेवली होती. "मूळ खूण आहे, सर," तो म्हणाला. छोटीनं सगळं सांगितल्यावर आठ दिवसांसाठी यंत्र द्यायला तो लगेच तयार झाला. पण देण्याआधी दोन तास त्यानं फोटो काढले. टोपण उघडून, प्रत्येक स्क्रूशेजारी नंबराची चिठ्ठी चिकटवून, एकदा समोरून, एकदा तिरक्या उजेडात. मी ताटकळत उभा.

"लग्नाचा अल्बम करताय का?" मी विचारलं.

"परत आल्यावर सगळं जागच्या जागी हवं ना, सर."

ज्याला स्क्रू फिरवता येत नाही तो स्क्रूचे फोटो काढतो, असं मी रिक्षात बसल्यावर छोटीला ऐकवलं.

रविवारी सकाळी ती माझ्या मागच्या खोलीत आली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ड्राइव्ह उघडला. कुठलाही ड्राइव्ह हाती आला की आधी साफ करायचा, मग हेड जागेवर आहे का बघायचं, आणि मगच गिऱ्हाइकाची फ्लॉपी आत घालायची. हा माझा शिरस्ता. हेड म्हणजे फ्लॉपीवरचं वाचणारा आणि लिहिणारा भाग. तो केसभर जरी सरकला तरी सगळं बिनसतं. त्याची जागा तपासायला एक खास फ्लॉपी येते, ती मी जिवापाड जपून ठेवलीय. ती घातली की स्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन उंचवटे सारखे दिसले पाहिजेत. इथं एक डोंगर होता आणि एक वारूळ.

"बघ, बघ हे काम," मी छोटीला म्हटलं. "कुठल्या गाढवानं केलंय कोण जाणे."

वर आणखी एक गंमत होती. जुळवणी झाली की हेड सरकवणाऱ्या मोटरच्या कडेला आम्ही रंगाचा एक थेंब सोडतो, अर्धा मोटरवर, अर्धा खालच्या पट्टीवर. मोटर हलली तर थेंब तुटतो आणि कळतं. त्यासाठी हिरवा रंग मिळतो. या महाशयांनी तिथं चक्क नेलपॉलिश लावलं होतं, डाळिंबी.

"हौशी लोकांनी धंद्याची पार माती केलीय," मी म्हणालो, आणि पात्यानं ते खरवडून काढलं. स्क्रू सैल केले, मोटर फिरवली, दोन्ही उंचवटे सारखे केले, स्क्रू आवळले. इतकी नेमकी जुळवणी या गावात दुसरं कुणी करू शकत नाही, हे मी छोटीला सांगितलंही. ती फक्त फ्लॉपीच्या खोक्याकडे बघत होती.

पहिली फ्लॉपी घातली. खडखड, खडखड, आणि पडद्यावर चूक. दुसरी घातली, तेच. तिसरी बाहेर काढली तेव्हा हेडवर तपकिरी भुकटी दिसली. चाळीस वर्षांत फ्लॉपीवरचा थर सुटायला लागतो. हेड एकदा फिरलं की थोडा थर झडतो, आणि जे झडलं ते गेलं. ती भुकटी म्हणजे ताईनं लिहिलेलं काहीतरी होतं.

मी यंत्र बंद केलं. "भावजींनी माळ्यावर टाकून ठेवल्या," मी म्हणालो. "दमट हवेत काय टिकणार? या माणसाला कधी कशाची कदर नव्हती."

छोटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद गोळा करायला लागली आणि मध्येच थांबली. खरवडलेल्या रंगाचे कण तिनं बोटाच्या टोकावर घेतले, खिडकीशी नेले. मग पर्समधून एक फोटो काढला. त्यात ताई खुर्चीत होती, छोटी मांडीवर, आणि ताईचा हात तिच्या खांद्यावर.

"मामा," ती म्हणाली, "हा आईच्या नखांचा रंग आहे."

मी फोटो बघितला. मला सगळं आठवलं.

मी वीस वर्षांचा होतो. धंद्यात शिरून तीन महिने झाले होते, आणि जग आपल्यालाच कळलंय अशा थाटात फिरत होतो. ताईचा ड्राइव्ह अडकायला लागला. मी म्हटलं, दुकानात कशाला न्यायचा, मी आहे ना. ती खास फ्लॉपी मालक कुलपात ठेवायचा, म्हणून मी नुसत्या कानानं, आवाजावरून जुळवणी केली. शेवटी थेंब लावायला रंग नव्हता, तर ताईच्या आरशापुढची बाटली उचलली. "अरे, नवी आहे ती!" ती ओरडली होती. मी ऐकतोय कशाला.

तर ते गाढव मीच होतो.

पण खरं गाढव वीस वर्षांचा नव्हता, साठ वर्षांचा होता. हेड चुकीच्या जागी असलं तर ते चुकीच्या जागी लिहितं, आणि त्याच चुकीच्या जागेवरून बिनबोभाट वाचतं. बाकी जगातल्या कुठल्याही ड्राइव्हला ते वाचता येत नाही. अकराच्या अकरा फ्लॉपी ताईनं माझ्या चुकीवर लिहिल्या होत्या. ती चूक म्हणजेच किल्ली होती, आणि ती मी माझ्या अनुभवाच्या तोऱ्यात घासून सरळ करून टाकली होती. नवशिक्यानंसुद्धा आधी एकदा फ्लॉपी घालून बघितली असती. शिरस्ता फक्त माझ्याकडे होता.

मी छोटीला सगळं सांगितलं. भावजींबद्दल बोललो तेही मागे घेतलं, आणि ते मला जड गेलं.

"मग परत वाकडं कर," ती म्हणाली.

"किती वाकडं? अंदाजानं फिरवून बघायचं तर पन्नास वेळा वाचावं लागेल. तोवर सगळा थर झडून जाईल."

"आधी कुठे होतं त्याची काही खूण नाही?"

"खूण मीच खरवडली."

तिनं माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच माणूस आला होता, आणि तो फोन मीच करायला हवा होता. मी दोनदा पाणी प्यायलो, एकदा उगाचच स्कोप पुसला, मग फोन लावला.

"मोटरची कड ना, सर?" चुनेवाला म्हणाला. "एक्केचाळीस ते चव्वेचाळीस नंबर. तिरक्या उजेडातलेही आहेत. मीच घेऊन येतो."

तासाभरात तो आला. कुत्सित हसेल, निदान एखादा टोमणा मारेल, म्हणून मी तयारीत होतो. त्यानं काहीच केलं नाही, त्याचा मला जास्त राग आला. त्यानं लॅपटॉपवर फोटो उघडून मोठा केला. पट्टीवर कोरलेल्या नंबरातल्या सातच्या शेपटीला मोटरची कड जेमतेम टेकलेली होती, आणि तिथूनच डाळिंबी ओघळ खाली उतरला होता.

मी स्क्रू सैल केले. छोटीनं पर्समधलं आपल्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. दिवसभर लोकांना हे स्पष्ट का ते स्पष्ट असं विचारणारी पोर ती, तिच्या नजरेवर माझा भरवसा होता. चुनेवाल्यानं हातमोजे घालून दिवा तिरका धरला.

"मागे," छोटी म्हणायची. "अजून किंचित. आता पुढे. थांब."

स्कोपवर पुन्हा डोंगर आणि वारूळ उभं राहिलं. ते बघून माझा हात स्क्रू आवळायला धजेना. चाळीस वर्षांत जाणूनबुजून वाईट काम मी कधी केलं नव्हतं. शेवटी आवळले.

मघाशी भुकटी झडलेली फ्लॉपी बाजूला ठेवली आणि एक नंबरची घातली. खडखड झाली नाही. नुसती सळसळ, मग शांतता, आणि पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत आपली भाषा उमटली. त्या यंत्राला दुसरी लिपी यायची नाही. छोटी एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचायला लागली.

"चिमणे, आज मामानं यंत्र दुरुस्त करून दिलं. माझी नेलपॉलिशची नवी बाटली अर्धी संपवली. आता दुसऱ्या कुणाच्या फ्लॉपी यात चालत नाहीत, आणि माझ्या दुसरीकडे चालत नाहीत. पण त्याला सांगू नकोस. पहिल्यांदाच काही नीट जमल्यासारखा घरभर हिंडतोय. मला काय, मला तुलाच तर लिहायचंय, आणि यंत्र घरातच आहे."

छोटी थांबली. "चिमणे," ती पुन्हा म्हणाली, तेवढा एकच शब्द. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. चुनेवाला हातमोजे काढून भिंतीकडे बघत उभा राहिला. मला बसायला जागा सापडत नव्हती. ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मेली बोलली नाही.

पुढची ओळ वाचण्याआधी छोटीनं डोळे पुसले. "मामा, आधी थेंब लाव. हलायला नको."

मी हिरव्या रंगाची बाटली उचलली.

"तो नको," ती म्हणाली, आणि पर्समधून स्वतःची नेलपॉलिशची बाटली काढून दिली. रंग फिकट गुलाबी होता, यंत्रावर अगदीच बावळट दिसत होता. मी अर्धा थेंब मोटरवर आणि अर्धा पट्टीवर सोडला, वाळेपर्यंत फुंकर घातली.

"काढा फोटो," मी चुनेवाल्याला म्हटलं. "आणि यंत्र परत न्याल तेव्हा पाटी मी सांगतो तशी लिहा. जुळवणी चुकीची. कोणीही सरळ करू नये."