भोंग्याचं तोंड गावाकडे

कोकणात सहा वर्षं डंपर चालवून घनश्याम गावी परतला तो शिडाच्या होडीचं खूळ डोक्यात घेऊनच. धरणामुळे वैनगंगा फुगून गावाच्या घाटाला टेकली होती, म्हणजे पाण्याची ददात नव्हती. मासेमारीच्या साध्या डोंग्यावर बांबू उभा करून त्यानं निळ्या ताडपत्रीचं शीड चढवलं, तेव्हा गावानं पोट धरून हसून घेतलं. हसली नाही ती एकटी त्याची बायको गिरजाबाई. तिचा धाकटा भाऊ नाकाडोंगरीच्या तलावात बुडाला, त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून ती पाण्यात पाऊल टाकत नसे. धानाच्या रोवणीच्या दिवसांतही बांधावर उभी राहून रोपांच्या पेंढ्या फेकायची, पाणी भरलेल्या बांधीत उतरायची नाही.

तिनं नवऱ्याला अडवलं नाही, पण अट घातली.

"जा तुमी. पण डोंग्यावर गाणे वाजत राह्यले पाह्यजे, मले घरी आयकू आले पाह्यजे. आवाज बंद झाला का मी समजन, गेले."

घनश्यामनं हसत मान डोलावली आणि भंडाऱ्याला जाऊन भैय्यालालचं दुकान गाठलं. भैय्यालालनं भजनी मंडळांपासून वरातीपर्यंत साऱ्यांना स्पीकर विकलेले. त्यानं गोल, देखणे, पाण्यानं न बिघडणारे दोन स्पीकर पुढे ठेवले.

"डोंग्यात बसल्या बसल्या मस्त आयकू येते, काका."

"डोंग्यात कोणाले आयकाचं आहे, बापा? आयकणारी घरी आहे."

भैय्यालालला सारं समजावून सांगावं लागलं. मग त्यानं देवळावर लावतात तसला भोंगा काढला, गाणी वाजवणारं एक लहान मशीन आणि बॅटरी काढली. बॅटरी डोंग्याच्या मधोमध, तळाशी ठेवा, नाहीतर डोंगा कलंडेल, असं त्यानं बजावलं. "आन् भोंग्याचं तोंड गावाकडेच ठेवजा."

घनश्यामनं ते वाक्य गुरुमंत्रासारखं पाळलं. वारा फिरला, की दुसरा कोणीही आधी शीड सांभाळेल. हा गडी आधी भोंगा फिरवायचा. भजनं आणि नाटकातली गाणी नदीभर घुमायची. बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार चढला की तो खरवडून व्हॅसलीन लावायचा. मशीन मात्र गिरजाबाईच्या ताब्यात. डोंगा घाटाला लागला की ती ते पदरानं पुसून घरी न्यायची आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. बादलीत पडलेला त्यांच्या पोराचा, पिंटूचा मोबाईल तांदळात ठेवल्यानंच जिवंत झाला होता, त्यामुळे या उपायावर तिचा भारी विश्वास. घनश्यामनंही कधी हरकत घेतली नाही.

पौषातल्या एका सकाळी, डोंगा नदीच्या पार मधोमध असताना, गाणं अर्ध्यावर तुटलं.

त्यानं तार हलवली, बटणं दाबली. मग पिन उपसून पाहिली. भोकात तांदळाचा कोंडा गच्च बसला होता आणि ओल लागून त्याची लापशी झाली होती. काडीनं कोरून पाहिलं, तरी मशीन मुकंच. त्याला रागही येईना. एवढ्या मायेनं जपलेल्या वस्तूवर रागवायचं तरी कसं?

नेमका वाराही पडला. शीड लोंबायला लागलं. त्यानं वल्हं उचललं आणि हात भरून येईस्तोवर मारत राहिला. इतके महिने आपण मजेत फिरलो आणि ती घरी जीव मुठीत धरून एकेक गाणं ऐकत बसली, हे आज कुठे त्याच्या टाळक्यात शिरलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घाट दिसायला लागला तसा त्याचा हात थबकला. पाण्यात कोणीतरी उभं होतं. कमरेइतक्या पाण्यात, लुगडं भोवती फुगलेलं. गिरजा!

"काहून बंद केलं?" ती ओरडत होती. "काहून बंद केलं वो?"

"मशीन बिघडली! मी आहो, गिरजा, धडधाकट आहो!"

तिनं खाली पाहिलं आणि आपण कुठे उभे आहोत हे तिला तेव्हा दिसलं. तोंड पांढरंफटक पडलं.

"पाय उचलून नाही रायला," ती पुटपुटली. "अवो, माहा पाय उचलून नाही रायला."

डोंगा तिच्यापासून दहा हातांवर होता आणि तेवढ्यात वारा उठला. शीड फुगलं, डोंगा वळून उलटा निघाला. शीड उतरवून डोंगा काठाला लावेपर्यंत चांगली दहा मिनिटं गेली असती. घनश्यामनं वल्हं टाकलं आणि पाण्यात उडी घेतली. छातीइतकं पाणी रेटत तो तिच्यापाशी पोचला आणि तिची दोन्ही मनगटं त्यानं घट्ट धरली.

त्याच्या मागे निळं शीड भरवाऱ्यात पलीकडच्या काठाकडे, बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर निघालं होतं.

"डोंगा जाऊन रायला तुमचा," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"पाहा तं एकडाव! फुटन तो!"

"फुटू दे," घनश्याम म्हणाला. त्यानं मान वळवली नाही. "तू पाय उचल. मी धरलं आहे तुले."