पूर्ण हजेरी

"खुर्चीची चाकं निघतात ना, वहिनी? मग बसेल गाडीत," प्रतोद म्हणाला आणि स्वतःच वाकून चाक हलवून पाहू लागला. मतदानाच्या दिवशी पक्षाचे सगळे सभासद सभागृहात गोळा करायचे, हे त्याचं काम. माणूस गोड बोलायचा.

"त्यांना बोलता येत नाही हो," ती म्हणाली. "एकच शब्द राहिलाय."

"कोणता?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीशी बसला होता, उजवा हात मांडीवर टाकून दिल्यासारखा. "पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"नको ना?"

"हो."

झटका आला त्या रात्री बाकीची सगळी भाषा धुऊन निघाली आणि तळाशी एवढंच उरलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त तोंडून दुसरं काही येत नाही. खरं काय ते ती त्याच्या डोळ्यांवरून ओळखायची.

प्रतोद हसला. "वहिनी, नेमका आमच्या कामाचा शब्द राहिलाय बघा."

नवराही हसला, अर्ध्या चेहऱ्यानं. तो हसला म्हणून तीही हसली.

लोक त्याला अजून कंपाउंडरच म्हणत. नदीपलीकडच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तो औषधं द्यायचा आणि ती तिथेच नर्स होती. सरकारनं एकदा तो दवाखाना बंद करायला काढला, तेव्हा हा दारात आडवा बसला आणि पोलिसांनी उचललं तरी पुन्हा येऊन बसला. दवाखाना वाचला, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला उचलून सभागृहात पाठवलं. तिथे त्यानं कधी भाषण केलं नाही. पण नाव पुकारून मतदान असलं की तो जागेवर असायचाच. ताप असो, घरात लग्न असो. "बोलणारे ढीगभर आहेत," तो म्हणायचा, "नाव घेतल्यावर ओ देणारा तरी असावा." त्याच्या पूर्ण हजेरीचं सभागृहात कौतुक व्हायचं, थोडी थट्टाही व्हायची. दुसरं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नाही.

म्हणून प्रतोद जेव्हा म्हणाला, "आयुष्यभराची हजेरी, आता डाग लागू द्यायचा का?" तेव्हा ती विरघळली. सरकार काठावर होतं, एकेका मताला भाव होता, हेही तिला कळत होतं. पण घरात बसून भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला कुणीतरी न्यायला येतंय, याचंच तिला अप्रूप वाटलं. ती त्याची दाढी करायची, सदऱ्याची बटणं लावायची. गाडी यायची. नाव पुकारलं जायचं आणि तो म्हणायचा, "हो."

त्या दिवशी गाडी सभागृहाच्या फाटकाशी अडली. बाहेर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक उठून धावत आली. तिची नणंद होती ती, कंपाउंडरची धाकटी बहीण. "वहिनी, बरं झालं दादाला आणलंत! आपला दवाखाना बंद करायला निघालेत. आज त्यावर मतं घेणार आहेत."

पुढे बसलेल्या प्रतोदाला तिनं विचारलं, "भाऊजी, खरं का हे?"

"किरकोळ विधेयक आहे, वहिनी. बरंच काही आहे त्यात."

"गाडी वळवा. आज ते आत येणार नाहीत."

गाडी वळली नाही. आत गेली, दाराशी थांबली, खुर्ची उतरवली गेली. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. दोघं-चौघं सभासद बघत उभे राहिले.

"हे बघा," प्रतोद हळू आवाजात म्हणाला, "सभासद ते आहेत, तुम्ही नाही. त्यांनाच विचारू." आणि तो कंपाउंडरसमोर वाकला. "काय साहेब, आत यायचंय ना?"

कंपाउंडरनं डाव्या हातानं चाक गच्च धरलं. मान हलवायचा प्रयत्न केला, ती नुसती थरथरली. ओठ आवळले, पण आतून ढकलल्यासारखा शब्द आलाच.

"हो."

"ऐकलंत?" प्रतोद बघ्यांना म्हणाला. त्यानं चाकावरची बोटं एकेक करून सोडवली आणि खुर्ची आत नेली. बायकोला आत प्रवेश नव्हता. ती जिना चढून प्रेक्षकांच्या सज्जात गेली.

नावं पुकारली जात होती. हो. नाही. नाही. हो. कंपाउंडरचं नाव आलं, तेव्हा त्यानं डावा हात उचलून तोंडावर दाबून धरला. सभागृह थांबलं. पुन्हा नाव पुकारलं. हात तसाच. कुणीतरी हसलं. वर सज्जात तिनं कठड्याला डोकं टेकलं आणि मनात म्हणाली, धरून ठेवा, अहो, असंच धरून ठेवा.

अध्यक्ष म्हातारे होते, त्याच्याबरोबरच निवडून आलेले. त्यांना खरंच काळजी वाटली. ते खुर्चीत पुढे झुकले.

"कंपाउंडरसाहेब, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

इतक्या महिन्यांत त्या सभागृहात त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. त्यानं वर पाहिलं. हात सैल झाला, खाली आला.

"हो," तो म्हणाला.

लेखनिकानं लिहून घेतलं. विरोधी बाकांवरून दोघं उठले, ते मत नव्हतं म्हणून ओरडू लागले. अध्यक्षांनी प्रतोदाकडे पाहिलं. प्रतोद त्यांच्याकडेच पाहत होता. मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सदस्यांनी दिलेलं उत्तर नोंदवलं गेलं आहे," ते म्हणाले. "पुढचं नाव."

खुर्ची तिच्या ताब्यात देताना प्रतोद म्हणाला, "गाडी जरा दुसऱ्या कामात आहे, वहिनी. बाहेर रिक्षा मिळेल."

मोजणी अजून आत चालू होती. फाटकाशी बायका उठून उभ्या राहिल्या. नणंद पुढे आली आणि खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. भावाचा लुळा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दादा, तू नाहीच म्हणालास ना रे?"

कंपाउंडरनं बायकोकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं, ते तिला नेहमीसारखं वाचता आलं. तिनं मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला.

नणंद उठली. "माझा दादा नाही म्हणाला गं," ती मागे वळून म्हणाली, "असल्या तब्येतीत येऊन नाही म्हणाला."

बायका बाजूला झाल्या. त्यांनी खुर्चीला वाट करून दिली. एका म्हातारीनं जाता जाता त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. बायकोनं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि खुर्ची ढकलायला लागली. आधी हळू, मग भराभर. आतला निकाल बाहेर यायच्या आत तिला रस्ता ओलांडायचा होता.