सोमवारच्या जखमा

एका पिंजऱ्याला पाण्याच्या चार नळ्या. बाटली उलटी टांगायची, नळी जाळीतून आत सोडायची. उंदरानं टोकाला जीभ लावली की थेंब येतो. नळी बंद करायची असेल तर टोकाला मेणाचा गोळा दाबायचा.

*

"मामा, तुझ्या सदऱ्याला उंदरांचा वास येतो."

"आणि तुझ्या केसांत धागे."

भाची शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. दिवसाला चारशे काजं.

*

'गर्दीचा स्वभाव' या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावरची तळटीप: सोमवारी सकाळी ताज्या जखमा निम्म्याहून कमी आढळतात. सुट्टीच्या दिवशीची शांतता हे त्याचे कारण असावे.

*

कारखान्याच्या दुसऱ्या मजल्याला तीन दारं. दोन बाहेरून कुलूपबंद. मुली शर्ट लपवून नेतात असा मालकाचा संशय. आग लागली ती तिसऱ्या, उघड्या दाराशी. एकतीस जणी गेल्या.

*

चौकशी आयोगापुढे 'गर्दीचा स्वभाव' लिहिणाऱ्या प्रोफेसरांची साक्ष चालली होती. मालकाच्या वकिलानं त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मागच्या बाकावर मामा बसले होते, शेजारी त्यांची धाकटी बहीण. संशोधन संस्थेतल्या प्रोफेसरांच्या प्राणिघरात मामांनी सव्वीस वर्षं पिंजरे धुतले होते. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळी संस्था त्यांना मामाच म्हणायची. जिला तो हक्क होता ती एकतीस जणींत गेली.

"दहाच्या जागेत चाळीस प्राणी कोंडले," प्रोफेसर वर्गात शिकवावं तशा शांत आवाजात सांगत होते, "की ते एकमेकांना फाडतात. माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं आम्ही रोज सकाळी ताज्या जखमा मोजल्या आहेत. हा गर्दीचा स्वभाव आहे. त्यात कोणाला दोष देता येत नाही."

"म्हणजे दारं उघडी असती, तरीसुद्धा?" वकिलानं विचारलं.

"दारापर्यंत पोचण्याआधीच त्यांनी एकमेकींना तुडवलं असणार."

बहिणीनं मामांचा दंड घट्ट धरला. "दादा, खरं बोलतायत का रे हे? आपली पोर कोणाला तरी तुडवत गेली असेल?"

मामा उठून उभे राहिले. "मला बोलायचंय," ते म्हणाले, आणि आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी आली. न्यायमूर्ती वयस्कर होते, ऐकून घेणारे होते.

"सुरुवातीला चारही नळ्या चालू होत्या, साहेब. चाळीस उंदीर एका पिंजऱ्यात, तीन महिने. काही झालं नाही. एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपायचे. एखादा आजारी पडला तर बाकीचे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. सर वैतागले. म्हणाले, 'मामा, हे असंच चाललं तर मी लिहू काय? तीन नळ्यांना मेण लावा.' मी लावलं. चाळीस जणांना एक नळी. मग लागले चावायला."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही साहेब. तेच तर सांगायला आलोय."

"मग पुरावा काय?"

"पान एकशे बारा. खाली बारीक अक्षरात आहे ते."

मागे कोणीतरी हसलं. न्यायमूर्तींनी चष्मा लावून पान काढलं.

"रविवारी सर येत नाहीत," मामा म्हणाले. "मी यायचो, पिंजरे धुवायला. तेव्हा मेण काढून ठेवायचो. दिवसभर पोटभर पाणी प्यायचे बिचारे. सोमवारी सर यायच्या आत परत लावायचो. म्हणून सोमवारी जखमा कमी. शांतता कसली, साहेब! रविवारी शेजारच्या मैदानावर कर्णे लावलेले असायचे."

न्यायमूर्तींनी तळटीप पुन्हा वाचली. पेन्सिलनं काहीतरी खूण केली. मामांना वाटलं, लागलं. बरोबर जागी लागलं. त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून पुढे झुकून ऐकत होती.

मग मालकाचा वकील उठला. त्याला घाई नव्हती.

"काका, तुमचं शिक्षण?"

"सातवी."

"छान. तर प्रयोगाच्या नियमाप्रमाणे तीन नळ्या बंद ठेवायच्या होत्या. त्या तुम्ही उघडल्यात. म्हणजे प्रयोगात ढवळाढवळ केलीत."

"पाणी पाजलं."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"हो."

"सरांना न विचारता?"

"विचारलं असतं तर त्यांनी..."

"हो की नाही?"

"हो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. दर रविवारी."

"दोन वर्षं!" वकील न्यायमूर्तींकडे वळला. "ज्या संस्थेचं मीठ खाल्लं तिलाच दोन वर्षं फसवलं. आणि आज हे गृहस्थ आपल्याला विज्ञान शिकवायला आलेत."

"रविवारचंच काय विचारता?" मामांनी कठड्यावर मूठ आपटली. "बाकीचे सहा दिवस विचारा ना! मेण कोणी लावलं ते विचारा! मीच लावलं, ह्या हातांनी. आत तहानेनं एकमेकांचे कान तोडत होते आणि मी बाहेर उभा राहून जखमा मोजत होतो. त्याला तुम्ही नोकरी म्हणता. रविवारी एक दिवस माणसासारखा वागलो, त्याला लबाडी म्हणता?"

"साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं," न्यायमूर्ती म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

*

व्हरांड्यात प्रोफेसरांनी त्यांना गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"मामा, मला एकदा सांगायचं तरी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं असतं मी."

"काय दुरुस्त केलं असतं, सर?"

"तळटीप."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच एवढंच दिसत होतं.

"मेण लावायला तुम्ही सांगितलंत, ते?"

"अहो, ती प्रयोगाची परिस्थिती होती. तिचा इथे काय संबंध?"

"कुलुपाचा संबंध नाही आणि मेणाचाही नाही. मग राहिलं कोण? उंदीर आणि माझी भाची?"

"तुम्ही आत्ता दुःखात आहात, मामा."

"हात काढा."

सव्वीस वर्षांत मामा त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. प्रोफेसरांनी हात काढला आणि, सवयीनं असेल, रुमालाला पुसला.

*

अहवाल चार महिन्यांनी आला. साक्षीदार क्रमांक बावीस याने स्वतःच प्रयोगात हस्तक्षेप केल्याचे कबूल केले असल्याने त्याची साक्ष विचारात घेता येत नाही. तज्ज्ञांचे मत ग्राह्य. मृत्यू जमावाच्या स्वाभाविक चेंगराचेंगरीमुळे. कुलुपांबाबत मालकांना समज देण्यात यावी.

त्याच आठवड्यात संस्थेनं मामांना प्रयोगात ढवळाढवळ केल्याबद्दल कामावरून काढल्याचं पत्र दिलं. पत्रावर प्रोफेसरांची सही नव्हती. ते व्याख्यानासाठी परदेशी गेले होते.

बहिणीनं अहवाल स्वतः वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून, सकाळभर. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, तुडवलं का रे तिनं कोणाला?"

"नाही."

"कशावरून?"

दोन वर्षांतले सगळे सोमवार मामांच्या डोक्यात होते, कुठल्या उंदराचा कुठला कान, सगळं. या एका प्रश्नाला त्यातलं काही पुरेना.

"नाही म्हटलं ना!"

ते इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घराचं दार किलकिलं झालं.

"ओरडू नकोस माझ्यावर," बहीण म्हणाली. "त्या साहेबलोकांपैकी कोणाला जाऊन विचारू मी? तूच आहेस, म्हणून तुला विचारते."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. तीही बसली. अहवाल दोघांच्या मध्ये जमिनीवर पडला होता. तो कोणी उचलला नाही.

*

आगीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी केलेला पंचनामा चौदा पानांचा आहे. आयोगापुढे त्यातली पहिली दोन पानं वाचली गेली. नवव्या पानावर लिहिलं आहे: कुलूपबंद पहिल्या दाराच्या आतल्या बाजूस बारा मृतदेह, भिंतीला टेकून ओळीने बसलेले. पैकी नऊ जणींनी एकमेकींचे हात धरलेले. तुडवल्याच्या खुणा एकतीसपैकी कोणाच्याही अंगावर नाहीत.